वानगीचा रकाना

तर मंडळी, अमरावती-अकोल्यात दुकानं असलेल्या एका किराणा कंपनीच्या पुरवठादारांकडच्या ऑर्डरी चिठ्ठी-फोनवरून संगणकावर आणायचं काम माझ्याकडे आलं. म्हटलं, सोपं आहे. प्रत्येक मालाला एक कोड!

२६ जून १९७४ला अमेरिकेत, ओहायोतल्या ट्रॉय गावी, च्युइंगगमच्या पाकिटावरचा बारकोड दुकानात पहिल्यांदा वाचला गेला. १९९६मध्ये भारतात असे कोड देणारी संस्था उभी राहिली नि आपल्या पाकिटांवर ८९० दिसू लागला. पण हा इतिहास पाकिटाचा. अकोल्याची तूरडाळ येते पोत्यात!

लांबून सौदा करणं वऱ्हाडाला नवं नाही. १८७०मध्ये खामगावला रेल्वे आली, त्याच वर्षी मुंबई-लंडन समुद्री तारही जोडली गेली. भाव तारेने कळे, कापूस मात्र हातात घेऊनच पारखावा लागे.

मी हे विसरलो. सगळ्या तूरडाळीला एकच कोड दिला. हवी होती फटका डाळ, आली साधी. पोती परत गेली, जाण्यायेण्याचं भाडं व्यापाऱ्याच्या माथी.

"मले तुमचा कोड नाई समजत, भाऊ. आमी वानगी पायतो," ते म्हणाले.

आता ऑर्डरीत वानगी क्रमांकाचा रकाना आहे. नमुन्याची पुडी दोन्हीकडे जपून ठेवतात. भाडं मात्र त्यांनीच भरलं. ते अजून टोचतं... असो.