भरतीची वेळ आणि सिद्धीचा दावा

वसईच्या किल्ल्याला लागून, खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे पाचूबंदर ही कोळ्यांची वस्ती आहे. होडी केव्हा लोटायची आणि केव्हा किनाऱ्याला लावायची हे इथे पाणी ठरवते, आणि पाणी केव्हा चढेल हे आधी सांगता येते. त्यासाठी मुंबई-वसईच्या किनाऱ्यावर एक जुना आडाखा आहे. तिथीची पाऊणपट करावी. जो आकडा येईल त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पक्ष शुद्ध असो वा वद्य, आडाखा तोच. चंद्र पृथ्वीभोवती पुढे सरकत असल्यामुळे भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. आडाखा ४५ मिनिटे धरतो, त्यामुळे थोडाफार फरक पडतो. पण तो चुकला तर चुकला हे कोणालाही कळते. पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा परीक्षा घेते.

याच वस्तीच्या शेजारी उभ्या असलेल्या किल्ल्याशी भविष्यकथनाची दुसऱ्या प्रकारची एक गोष्ट जोडलेली आहे. १५३४ पासून पोर्तुगीजांच्या ताब्यात असलेली वसई चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये घेतली. त्या मोहिमेत त्यांनी वज्रेश्वरी देवीला नवस केला होता आणि किल्ला पडल्यावर देवीचे मंदिर बांधले गेले. आख्यायिका याहून पुढे जाते. देवीने चिमाजी अप्पांना स्वप्नात दृष्टान्त देऊन किल्ला कसा घ्यायचा ते सांगितले, असे ती म्हणते. तानसा नदीकाठचे ते मंदिर आजही गजबजलेले असते आणि तिथे जाणाऱ्याच्या भक्तीशी आम्हाला वाद घालायचा नाही. प्रश्न इतकाच, की ‘स्वप्नात मार्ग कळला’ या विधानाचे इतिहासाच्या विद्यार्थ्याने करायचे काय?

वेढ्याची हकिगत बऱ्याच तपशिलाने उपलब्ध आहे. कित्येक आठवडे वेढा चालला, तटाच्या बुरुजांखाली सुरुंग खणले गेले, काही वेळेवर उडाले, काही फसले, दोन्हीकडची माणसे मोठ्या संख्येने पडली, आणि अखेर तटाला खिंडार पडल्यावर पोर्तुगीजांनी तहाची बोलणी लावली. या क्रमात स्वप्न कुठे बसवावे? ते पडले नाही असे आपण सिद्ध करू शकत नाही. पडले आणि खरे ठरले असेही सिद्ध करू शकत नाही. वेढा सुरू होण्यापूर्वी कोणी ‘अमुक बुरुजाखाली अमुक दिवशी सुरुंग उडेल’ असे कागदावर लिहून ठेवले असते, तर गोष्ट वेगळी होती. विजयानंतर सांगितलेल्या स्वप्नाला चुकण्याची संधीच नसते. पराभव झाला असता तर दृष्टान्ताची कथा कोणाच्या कानावर आली नसती.

अतींद्रिय शक्तींच्या दाव्यांचा इतिहास वाचताना हीच कसोटी वारंवार उपयोगी पडते. त्यातले एक मोठे प्रकरण वसईपासून दूर नाही. फेब्रुवारी १८७९ मध्ये मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट मुंबईत उतरले. प्रथम गिरगावात आणि नंतर ब्रीच कँडीच्या ‘क्रोज नेस्ट’ नावाच्या बंगल्यात थिऑसॉफिकल सोसायटीचे बिऱ्हाड होते. डिसेंबर १८८२ मध्ये ते मद्रासजवळ अड्यारला गेले. हिमालयापलीकडच्या महात्म्यांची पत्रे छतातून खाली पडतात, वस्तू एका जागेहून दुसऱ्या जागी आपोआप जातात, असे चमत्कार या मंडळींच्या भोवती घडत असल्याचे सांगितले जाई. शिकलेसवरलेले भारतीय आणि इंग्रज अधिकारी दोघेही ते ऐकून भारावत.

१८८४ मध्ये या घरातच राहिलेल्या एमा कुलों या बाईंनी ब्लाव्हाट्स्कींची म्हणून काही पत्रे मद्रासच्या मिशनऱ्यांकडे दिली. त्यांत चमत्कार कसे घडवायचे याच्या सूचना होत्या. पत्रे छापली गेली आणि गदारोळ उठला. लंडनमध्ये १८८२ साली अशाच गोष्टींच्या अभ्यासासाठी सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च स्थापन झाली होती. तिने रिचर्ड हॉजसन या तरुणाला चौकशीसाठी भारतात पाठवले. १८८५ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालाचा निष्कर्ष होता फसवणुकीचा.

शंका घेणाऱ्यांच्या दृष्टीने प्रकरण इथे संपायला हवे होते. पण हॉजसन पोहोचला तेव्हा अड्यारचे ते प्रसिद्ध लाकडी कपाट, ज्यात पत्रे प्रकट होत, नष्ट करण्यात आले होते. त्याच्या हाती उरले साक्षीदारांचे जबाब, एका दुखावलेल्या बाईची पत्रे आणि हस्ताक्षरतज्ज्ञांची मते. म्हणूनच शंभर वर्षांनी, १९८६ मध्ये, त्याच संस्थेच्या नियतकालिकात व्हर्नन हॅरिसन या हस्तलेखांच्या अभ्यासकाने हॉजसनचा अहवाल एकतर्फी ठरवला. आम्हाला हॉजसनचा निष्कर्ष आजही अधिक संभवनीय वाटतो. तरी हे मान्य केले पाहिजे की घटना घडून गेल्यावर केलेली चौकशी, ती कोणीही केलेली असो, वादाला जागा ठेवते.

याच्या उलट एक प्रसंग १९६६ साली मुंबईत घडला. राव नावाच्या एका हठयोग्याने आपण पाण्यावर चालून दाखवू असे जाहीर केले. पाण्याची टाकी तयार झाली, तिकिटे विकली गेली, शहरातली बडी मंडळी जमली. योगी पाण्यावर पाऊल टाकायला गेला आणि बुडाला. अपयशाची कारणे नंतर सांगितली गेलीच, पण निकालाविषयी आजतागायत वाद नाही. तो इतका स्वच्छ असण्याचे कारण आर्किमिडीजचे आहे. ६० किलोच्या माणसाला तरंगायचे तर ६० लिटर पाणी बाजूला सारावे लागते आणि दोन पावलांचे आकारमान जेमतेम दोन-तीन लिटर भरते. यश म्हणजे काय आणि अपयश म्हणजे काय हे टाकीत पाणी भरण्याआधीच सगळ्यांना ठाऊक होते. जवळपास त्याच काळात, १९६३ मध्ये, श्रीलंकेत राहणाऱ्या अब्राहम कोवूर या केरळी विज्ञानशिक्षकांनी फसवणुकीला वाव नसलेल्या परिस्थितीत सिद्धी दाखवणाऱ्याला एक लाख रुपयांचे बक्षीस लावले होते. १९७८ मध्ये ते वारले तोवर ते कोणी नेले नव्हते.

पण पाण्यावर चालणे हा दावा ढोबळ आहे. जो कधी बरोबर येतो आणि कधी चुकतो, असा दावा कसा तपासायचा? भविष्य सांगणाऱ्याची चार भाकिते खरी ठरली हे ऐकून आपण चकित होतो, पण त्याने एकूण किती केली होती हे विचारत नाही. इथे केवळ पाहणे पुरत नाही, मोजावे लागते. अमेरिकेत शॉन कार्लसन यांनी ज्योतिषांची अशी मोजदाद करून १९८५ मध्ये ‘नेचर’मध्ये निष्कर्ष छापले. पत्रिका दिल्यावर, सोबतच्या तीन व्यक्तिमत्त्व-चाचण्यांतून त्या व्यक्तीची नेमकी चाचणी ओळखायची होती. किमान निम्म्या वेळा ओळखू, असे ज्योतिषांचे म्हणणे होते. ते बरोबर आले तिनातून एकदा, म्हणजे डोळे मिटून बोट ठेवले असते तरी आले असते तितकेच.

आपल्याकडची परीक्षा पुण्याची. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातील सुधाकर कुंटे, महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचा स्वतः अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडे या चौघांनी ती आखली. समितीच्या कार्यकर्त्यांनी शाळाशाळांतून २०० मुलांच्या जन्मवेळा व जन्मस्थळे गोळा केली. १०० मुले अभ्यासात हुशार म्हणून नावाजलेली, १०० विशेष शाळांतली, बौद्धिक अक्षमता असलेली. घाटपांडे यांनी संगणकावर पत्रिका तयार केल्या. कोणती पत्रिका कोणत्या गटातल्या मुलाची, याची नोंद विद्यापीठात बंदोबस्तात राहिली. त्यामुळे ज्योतिषाला तर नाहीच, पण त्याच्याशी संबंध येणाऱ्या परीक्षकालाही उत्तर ठाऊक नव्हते. समोरच्याच्या चेहऱ्यावरून, नकळत सुटलेल्या शब्दावरून उत्तर काढण्याची वाट बंद झाली. मनकवडेपणाचे बरेचसे प्रयोग याच वाटेवर चालतात.

मे २००८ मध्ये ज्योतिषांना जाहीर आवाहन झाले. प्रत्येकाला २०० पैकी ४० पत्रिका मिळणार, त्यातली हुशार मुले कोणती आणि दुसऱ्या गटातली कोणती एवढेच सांगायचे. ४० पैकी २८ उत्तरे बरोबर आली तर यश, हे आधीच ठरले. हा आकडा कुठून आला हे वर्गात दाखवण्यासारखे आहे. नाणे ४० वेळा उडवले तर सरासरीने २० छापे पडतात. ४० चा पाव भाग १०, त्याचे वर्गमूळ सुमारे ३.१६, हे झाले प्रमाण विचलन. २० च्या वर अशी अडीच पावले टाकली की २८ येतात. निव्वळ नशिबाने २८ किंवा अधिक येण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी आहे. म्हणजे अट कडक आहे, अशक्य नाही. ज्याला पत्रिकेतून दहापैकी आठ वेळा बरोबर सांगता येते त्याला ती सहज पार करता यावी.

काही ज्योतिष संघटनांनी बहिष्काराचा पवित्रा घेतला. तरी ५१ जणांनी पत्रिका मागवल्या आणि २७ जणांनी उत्तरे पाठवली. या २७ जणांचे आम्हाला कौतुक वाटते. आपली विद्या मोजून घ्यायला ते पुढे आले. निकाल असा लागला: सर्वांत जास्त बरोबर उत्तरे २४, त्याखालोखाल दोघांची २२, बाकीच्यांची २० किंवा त्याहून कमी. सरासरी १७.२५. एका संस्थेने सगळ्याच २०० पत्रिका घेतल्या, तिची १०२ उत्तरे बरोबर आली. ‘करंट सायन्स’मध्ये २००९ साली हे प्रसिद्ध झाले.

२४ उत्तरे बरोबर आलेल्या ज्योतिषाला घरी जाऊन ‘साठ टक्के बरोबर’ असे सांगता आले असते, आणि ऐकणाऱ्याला ते पटले असते. पण २७ माणसांनी ४०-४० वेळा नाणे उडवले तर त्यातल्या तीन-चार जणांना २४ किंवा त्याहून जास्त छापे मिळावेत. प्रत्यक्षात एकालाच मिळाले. उलट, सरासरी २० च्या खाली आली म्हणून ज्योतिष उफराटे खरे असते असेही कोणी समजू नये. त्याच २०० पत्रिका अनेकांकडे गेल्या होत्या आणि एकाच ग्रंथातले नियम लावणारे लोक एकाच ठिकाणी एकदम चुकू शकतात. त्यांची उत्तरे सुट्या नाण्यांसारखी स्वतंत्र धरता येत नाहीत. बारावीच्या चलाख विद्यार्थ्याकडून ही शंका नक्की येईल.

ज्योतिष ही केवळ आकडेमोड नाही, साधनेने येणारी अंतःस्फूर्ती लागते, असा आक्षेप अशा वेळी घेतला जातो. तो प्रामाणिक असेल तर उत्तरही सोपे आहे. ज्याला अंतःस्फूर्ती आहे त्याने पत्रिका हातात घेऊन ती वापरावी. अट बदलत नाही. आक्षेप निकालाआधी आला तर त्याप्रमाणे प्रयोग बदलता येतो. निकालानंतर आला तर तो वज्रेश्वरीच्या दृष्टान्ताच्या रांगेत जाऊन बसतो.

अट दोघांनी मिळून ठरली नाही तर काय होते, हे जानेवारी २०२३ मध्ये नागपुरात दिसले. बागेश्वर धामचे धीरेंद्र कृष्ण शास्त्री यांची रामकथा आणि ‘दिव्य दरबार’ तिथे भरला होता. समोरच्याने न सांगता त्याची अडचण कागदावर लिहिली जाते, अशी त्या दरबाराची ख्याती. अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे श्याम मानव यांनी आव्हान दिले: अनोळखी दहा व्यक्तींची नावे, वय, फोन नंबर अशी माहिती सांगावी, ९० टक्के बरोबर आली तर ३० लाख रुपये. कथा जाहीर दिवसांच्या आधी संपली. शास्त्रींनी मानवांना रायपूरला यायचे निमंत्रण दिले आणि आपण चमत्कार करीत नाही, ही हनुमानाची व गुरूची कृपा आहे, असे सांगितले. मानवांचे म्हणणे होते की परीक्षा नागपुरातच, पंचांसमोर व्हावी. मानवांच्या तक्रारीवर पोलिसांनी चित्रफिती पाहिल्या आणि २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दिसत नाही असे कळवले. परीक्षा झालीच नाही. एका बाजूने म्हटले, पळाले; दुसरीने म्हटले, श्रद्धेचा विजय झाला. शास्त्रीय दृष्टीने पाहिले तर नोंदवही कोरी आहे.

वर्गात हा प्रयोग करायला पत्रिका लागत नाहीत, एक नाणे आणि एक पडदा पुरतो. पडद्याआड एक मुलगा नाणे उडवतो, छापा की काटा ते लिहितो. बाकीची मुले आपापल्या वहीत अंदाज लिहितात. असे ४० वेळा. पहिले नाणे उडण्याआधी फळ्यावर २८ हा आकडा लिहून ठेवावा आणि वर्गाची संमती घ्यावी. ६० मुलांच्या वर्गात निव्वळ योगायोगाने एखादे मूल २८ गाठण्याची शक्यता साधारण पाचात दोन आहे, तेव्हा तसे झाले तर बिचकू नये. त्या मुलाला टाळ्या द्याव्यात, आणि फळ्यावरचा २८ न पुसता त्याच्याकडून आणखी ४० अंदाज लिहून घ्यावेत.