एकविसावा रकाना

(सगळ्या वेळा भारतीय प्रमाणवेळेनुसार.)

२१ एप्रिल २०१०

मॅकॅफी या अँटिव्हायरस कंपनीचं रोजच्यासारखं एक अपडेट बाहेर पडतं. क्रमांक ५९५८. विंडोज एक्सपीला चालण्यासाठी लागणारी ‘एसव्हीसीहोस्ट’ ही अस्सल फाइलच त्याला व्हायरस वाटते. कार्यालयांतले, रुग्णालयांतले एक्सपी संगणक बंद पडतात, चालू होतात, पुन्हा बंद पडतात. कंपनीचे तेव्हाचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी जॉर्ज कुर्ट्झ.

पुढच्या वर्षी, २०११ मध्ये, कुर्ट्झ दोन सहकाऱ्यांसह नवी कंपनी काढतात. नाव क्राउडस्ट्राइक.

२८ फेब्रुवारी २०२४

क्राउडस्ट्राइकच्या फाल्कन सेन्सरची ७.११ ही आवृत्ती ग्राहकांना उपलब्ध होते. सेन्सर म्हणजे संगणकात बसून हल्लेखोराच्या हालचाली टिपणारा पहारेकरी प्रोग्राम. तो विंडोजच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, चालतो. तिथे साध्या प्रोग्रामसारखं एकटं कोसळता येत नाही. तो पडला की अख्खा संगणक पडतो.

हल्ल्यांच्या तऱ्हा रोज बदलतात. प्रत्येक नव्या तऱ्हेसाठी सेन्सरची नवी आवृत्ती काढणं परवडत नाही, म्हणून कंपनीने टेम्प्लेटची पद्धत घेतलेली आहे. टेम्प्लेट सेन्सरमध्ये एकदाच बसवायचं. त्यात रकाने ठरवून द्यायचे. मग नवा हल्ला दिसला की फक्त रकाने भरायचे आणि भरलेला नियम एका छोट्या फाइलमधून जगभर पाठवायचा. कोड तोच राहतो, किंमती बदलतात.

नेटवर्कवाल्यांना यात नवल नाही. दोनशे शाखांतल्या स्विचसाठी कोणी दोनशे कॉन्फिग हाताने लिहीत नाही. एक टेम्प्लेट असतं. होस्टनेम, व्हीलॅन, गेटवे ही व्हेरिएबल्स. शाखेची माहिती ओतली की कॉन्फिग तयार. चांगलं जमलेलं टेम्प्लेट एका टीमकडून दुसरीकडे जातं, आणि जितक्या जास्त हातांतून जाईल तितकं ते ‘तपासलेलं’ वाटू लागतं. या कामात सर्रास वापरलं जाणारं जिंजा हे साधन तर एखाद्या व्हेरिएबलला किंमतच मिळाली नाही, तरी आपणहून कुरकुर करत नाही. तिथे मोकळी जागा सोडून पुढे जातं. कडक तपासणी हवी असेल तर ती मुद्दाम चालू करावी लागते. किती जण करतात, हा प्रश्न त्या खात्यात विचारून पाहण्यासारखा आहे.

७.११ मध्ये एक नवं टेम्प्लेट आहे. एकाच संगणकावरचे प्रोग्राम आपसांत निरोप देण्यासाठी ‘नेम्ड पाइप’ वापरतात. त्यांचा गैरवापर पकडण्यासाठी ते बनवलेलं आहे. टेम्प्लेटच्या व्याख्येत रकाने आहेत २१. सेन्सरमधला जो कोड या रकान्यांशी ताडून पाहण्यासाठी माहिती पुरवतो, तो पुरवतो २०.

दोन्ही आकडे कंपनीच्याच कोडमध्ये आहेत. शेजारी ठेवून कोणी पाहिलेले नाहीत.

५ मार्च २०२४

नव्या टेम्प्लेटची चाचणी. भरपूर ताण दिला जातो, वेगवेगळे नियम भरून पाहिले जातात. एकविसाव्या रकान्यात वाइल्डकार्ड आहे, म्हणजे ‘इथे काहीही चालेल’. काहीही चालणार असेल तर पाहायचं कशाला? सेन्सर त्या रकान्यापर्यंत जातच नाही.

चाचणी पास. त्याच दिवशी या टेम्प्लेटवरचा पहिला नियम ग्राहकांकडे रवाना होतो. ज्या फाइलमधून तो जातो तिचं नाव चॅनेल फाइल २९१.

८ ते २४ एप्रिल २०२४

आणखी तीन नियम. तिन्हींत एकविसावा रकाना वाइल्डकार्ड. तिन्ही सुरळीत चालतात.

आता या टेम्प्लेटच्या नावावर एक चाचणी आणि चार यशस्वी नियम जमा आहेत. जुलैत जो निर्णय होतो, तो या जमाखर्चावर विसंबून होतो. त्यात वाईट हेतू नाही, बेफिकिरीही म्हणता येणार नाही. चार वेळा चाललं, या वाक्यात फक्त एवढंच कळत नाही की चारही वेळा तीच एक जागा वगळली गेली होती.

१९ जुलै २०२४, शुक्रवार. पहाटे ३.२६

अमेरिकेच्या मध्य भागातली मायक्रोसॉफ्टची अझूर ही क्लाउड सेवा कोलमडते. तिथे अजून गुरुवारची संध्याकाळ आहे. फ्रंटियरसारख्या विमान कंपन्यांची उड्डाणं अडतात. या बिघाडाचा पुढच्या घटनेशी संबंध नाही. पण काही तासांनी जगभर संगणक कोसळल्याचे निळे पडदे दिसू लागतील, तेव्हा अनेक जण याच बिघाडाकडे बोट दाखवतील, आणि त्यात वेळ जाईल.

सकाळी ९ वाजता

सावध सिस्टीम अ‍ॅडमिन सेन्सरची ताजी आवृत्ती लगेच घेत नाहीत. एक किंवा दोन आवृत्त्या मागे राहतात, दुसऱ्यांकडे काय होतं ते बघतात. फाल्कनमध्ये तशी सोय आहे आणि ती असंख्य संस्थांनी चालू ठेवलेली आहे. कन्सोलवर ते सेटिंग स्पष्ट दिसतं.

ते लागू होतं सेन्सरला. टेम्प्लेट भरून येणाऱ्या फाइलींना नाही. त्या सगळ्यांकडे एकदमच जातात.

सकाळी ९.३९ च्या आधी

पाइपवाल्या टेम्प्लेटसाठी दोन नवे नियम तयार आहेत. त्यांतल्या एकात एकविसाव्या रकान्यात पहिल्यांदाच वाइल्डकार्ड नाही. तिथे खरी अट लिहिलेली आहे.

बाहेर पाठवण्याआधी प्रत्येक नियम एका तपासनीस प्रोग्राममधून जातो. तो हे दोन्ही नियम तपासतो. टेम्प्लेटच्या व्याख्येत २१ रकाने आहेत, म्हणजे सेन्सरकडून २१ किंमती येणारच, असं तो गृहीत धरतो. व्याख्येशी ताडून पाहता नियम बिनचूक आहेत. तो मान डोलावतो.

एका खऱ्या विंडोज संगणकावर हीच फाइल टाकून पाहिली असती तर काही मिनिटांत सगळं कळलं असतं. ती पायरी या फाइलींसाठी ठेवलेलीच नव्हती.

सकाळी ९.३९

चॅनेल फाइल २९१ ची नवी आवृत्ती निघते. टप्प्याटप्प्याने नाही, एकाच वेळी, जगभर.

सिडनीत दुपारचे २ वाजून ९ मिनिटं, कार्यालयं भरलेली. टोकियोत दुपारचा एक वाजून गेलेला. लंडनमध्ये पहाटेचे ५ वाजून ९ मिनिटं. न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्र उलटून ९ मिनिटं. मुंबईत आणि दिल्लीत सकाळच्या विमानांच्या रांगा.

त्यानंतरची काही मिनिटं, कुठलाही एक संगणक

सेन्सर फाइल उतरवून घेतो. लगेच काही होत नाही. मग विंडोजकडून पाइपच्या हालचालीची पुढची खबर येते. सेन्सर नियम उघडतो आणि रकान्यामागून रकाना ताडत जातो. विसावा होतो. एकविसाव्यात या वेळी अट आहे, म्हणून तो यादीतली एकविसावी किंमत मागतो.

यादी २० ची आहे. पुढची जागा दुसऱ्याच कशाची तरी, किंवा कोणाचीच नाही. यादीच्या बाहेर जातोय का, हे पाहणारी ओळ कोडमध्ये नाही. सेन्सर तिथे जे असेल ते पत्ता समजून वाचायला जातो. कर्नलमध्ये अशी चूक झाली की विंडोजपुढे एकच मार्ग असतो: सगळं थांबवणं.

निळा पडदा. संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो. सेन्सर हा सुरुवातीलाच उठणारा प्रोग्राम; तो उठतो, तीच फाइल वाचतो.

निळा पडदा.

सकाळी १० नंतर

ऑस्ट्रेलियात बँका, सुपरमार्केटची गल्ले-यंत्रं, टीव्ही वाहिन्या अडकतात. ब्रिटनमध्ये दिवस उजाडताना स्काय न्यूजचं थेट प्रक्षेपण थांबतं. डॉक्टरांच्या दवाखान्यांतली नोंदणीची व्यवस्था बंद पडते. अमेरिकेत काही राज्यांतली ९११ ही तातडीची फोनसेवा विस्कळीत होते. डेल्टा, युनायटेड आणि अमेरिकन या कंपन्यांची विमानं जमिनीवर थांबतात.

मॅक आणि लिनक्सवाल्यांना काहीच कळत नाही. रात्री संगणक बंद करून गेलेले विंडोजवालेही वाचतात. एरवी आयटी खातं ज्यांच्यावर ‘मशीन चालू ठेवून जात जा, अपडेट येतात’ म्हणून खेकसतं, तीच ही मंडळी.

सकाळी १०.५७

क्राउडस्ट्राइक फाइल मागे घेते. सदोष फाइल बाहेर राहिली ती ७८ मिनिटं. दोष लक्षात येऊन इतक्या वेळात माघार घेणं ही खरं तर वाईट कामगिरी नाही.

मात्र दुरुस्त फाइल घ्यायला संगणक नेटवर्कवर यावा लागतो. जे पडले आहेत ते तिथवर पोचतच नाहीत. क्लाउडवरच्या आभासी मशीनसाठी मायक्रोसॉफ्ट सल्ला देतं की पुन्हा पुन्हा रीस्टार्ट करून बघा. काही ग्राहकांना त्यासाठी १५ वेळा रीस्टार्ट करावं लागल्याचंही सांगतं. दोन निळ्या पडद्यांमधल्या काही सेकंदांत नवी फाइल उतरली तर सुटका.

बाकीच्यांसाठी हाताने दुरुस्ती. संगणकापाशी जायचं. सेफ मोडमध्ये सुरू करायचा. विंडोजच्या ड्रायव्हर्स फोल्डरमध्ये क्राउडस्ट्राइकचं फोल्डर उघडायचं, २९१ क्रमांकाची फाइल शोधून काढून टाकायची, रीस्टार्ट. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर आधी ४८ अंकी किल्ली टाकायची, दर संगणकाची वेगळी. ही किल्ली सर्व्हरवर जपून ठेवलेली असते. काही ठिकाणी तो सर्व्हरही निळा पडदा दाखवत असतो.

दुपार

मुंबई आणि दिल्लीत आकासा एअर प्रवाशांची चेक-इन हाताने करू लागते. इंडिगो, स्पाइसजेट यांच्याही बुकिंग आणि चेक-इनच्या सेवा कोलमडलेल्या. देशातल्या विमानतळांवर पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास दिसू लागतात: नाव, उड्डाण क्रमांक, आसन. 

इंडिगोची जवळपास २०० उड्डाणं रद्द होतात. सर्ट-इन ही सरकारी संस्था सूचनापत्रक काढते. सरकारी कामकाजाच्या एनआयसी नेटवर्कला धक्का लागलेला नाही, असं सरकार सांगतं. रिझर्व्ह बँकेच्या म्हणण्यानुसार १० बँका व वित्तसंस्थांना किरकोळ अडचण आली.

हा सायबर हल्ला नाही, असं कुर्ट्झ एक्सवर लिहितात. दोष सापडला आहे, वेगळा काढला आहे, दुरुस्ती पाठवली आहे. त्या पहिल्या निवेदनात दिलगिरी नसते. ती नंतर, टीव्हीवर येते.

२० जुलै, पहाटे ३

भारतातल्या विमानतळांवरच्या यंत्रणा या वेळेपासून पूर्ववत झाल्याचं हवाई वाहतूक मंत्री राममोहन नायडू सकाळी जाहीर करतात.

त्याच दिवशी मायक्रोसॉफ्टचा अंदाज येतो: ८५ लाख संगणक. विंडोजवर चालणाऱ्या एकूण संगणकांच्या १ टक्क्याहूनही कमी.

डेल्टाचं विस्कळीतपण पाच दिवस चालतं. सुमारे ७,००० उड्डाणं रद्द. ४०,००० सर्व्हर हाताने सुरू करावे लागले, असं कंपनीचे प्रमुख सांगतात. नुकसान ५० कोटी डॉलर. पॅरामेट्रिक्स ही विमाक्षेत्रातली कंपनी मायक्रोसॉफ्ट सोडून अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या ५०० कंपन्यांचं नुकसान ५४० कोटी डॉलर धरते.

२५ जुलै

सेन्सरच्या कोडमध्ये तपासणी घातली जाते: मागितलेली किंमत यादीच्या आत आहे का.

२७ जुलै

टेम्प्लेट बांधणाऱ्या कंपायलरमध्ये आणखी एक तपासणी येते. व्याख्येत जितके रकाने, तितक्याच किंमती पुरवल्या जातात का? जुळलं नाही तर टेम्प्लेट तयारच होणार नाही. फेब्रुवारीत हे असतं तर चूक ती करणाऱ्याच्याच पडद्यावर, त्याच दुपारी दिसली असती.

६ ऑगस्ट

कंपनीचा कारणमीमांसेचा अहवाल प्रसिद्ध होतो. यापुढे प्रत्येक रकाना वाइल्डकार्डविना भरूनही चाचणी होईल, असं त्यात आहे. २१ आणि २० हे दोन आकडे त्यात एकाच वाक्यात येतात.

२४ सप्टेंबर, वॉशिंग्टन

क्राउडस्ट्राइकचे वरिष्ठ उपाध्यक्ष अ‍ॅडम मेयर्स अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीपुढे माफी मागतात. काय झालं ते सदस्यांना समजावं म्हणून ते बुद्धिबळाचं उदाहरण देतात: पटावर जिथे घरच नाही, तिथे सोंगटी हलवायला गेल्यासारखं. अशी किती अपडेट पाठवता, यावर उत्तर येतं: रोज दहा ते बारा. आता ती आधी कंपनीच्याच संगणकांवर जातात, मग लवकर घ्यायला तयार असलेल्या ग्राहकांकडे, मग बाकीच्यांकडे. कधी घ्यायची हे ग्राहकालाही ठरवता येतं.