डिचोलीचे पूल, पूंछची तार आणि मेघनेचे पाणी : हेलिकॉप्टरच्या मोहिमेची आखणी, कागदापासून संगणकापर्यंत

गोवा मुक्तीबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. पत्रादेवीचा सत्याग्रह, आग्वादचा तुरुंग, 18 आणि 19 डिसेंबर 1961 चे दोन दिवस, सगळे आपल्याला तोंडपाठ असते. मला मात्र त्या दोन दिवसांतल्या एका वेगळ्याच गोष्टीचे कुतूहल आहे. माणसे, यंत्रे आणि वाटा यांचा हिशेब आधी कोणी आणि कसा मांडला? आज हेलिकॉप्टरच्या पायलटला हा हिशेब संगणकावर मांडून मिळतो. त्याला मिशन प्लॅनिंग सॉफ्टवेअर म्हणतात. या सॉफ्टवेअरचा इतिहास सांगायचा तर अमेरिकेपासून सुरुवात करता येईल. मी ती डिचोलीपासून करतो, कारण गोव्याच्या मोहिमेतली दोन माणसे पुढे हेलिकॉप्टरच्या इतिहासात आली. एक मृत्यूने, दुसरा पराक्रमाने.

पूल उडाले तेव्हा

मेजर जनरल कँडेथ यांच्या 17 इन्फंट्री डिव्हिजनबरोबर 50 पॅरा ब्रिगेड होती आणि तिचे प्रमुख होते ब्रिगेडियर सगत सिंग. ही ब्रिगेड उत्तरेकडून, दोडामार्गाच्या बाजूने आत शिरली. पोर्तुगीजांचा बेत उघड होता. फौज थोडी, तेव्हा पूल उडवायचे, वाटा तोडायच्या आणि वेळ काढायचा. 18 तारखेच्या पहाटे डिचोली, शापोरा आणि अस्नोडा इथले पूल त्यांनी उडवले.

आपला मुलूख ज्यांनी पायी पाहिला आहे त्यांना यातली मेख लगेच कळेल. पेडणे, डिचोली, सत्तरी या नव्या काबिजादी म्हणजे सडा, खाली कुळागर, मग शेत, मग नदी, की पुन्हा सडा. एक पूल गेला की पलीकडचा गाव डोळ्यांसमोर असूनही दूर. सगत सिंगांच्या तुकड्या थांबल्या नाहीत. एक उसगावच्या वाटेने फोंड्याला, दुसरी बाणस्तारीच्या बाजूने आणि तिसरी, 2 शीख लाईट इन्फंट्री, रणगाड्यांसह थिवीवरून 18 च्या संध्याकाळी बेतीला पोचली. समोर पणजी, मध्ये मांडवी. तेव्हा मांडवीवर पूल नव्हताच. नदी ओलांडली गेली ती 19 च्या सकाळी.

नदीपुढे थांबलेली ती एक रात्र लक्षात ठेवा. पुढे तिचे काम आहे.

दाबोळीचा हिशेब

त्याच मोहिमेची हवाई बाजू एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्याकडे होती. 18 च्या सकाळी पुण्याहून निघालेल्या 12 कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर 63,000 पौंड बॉम्ब टाकले. धावपट्टी निकामी करायची, पण टर्मिनलच्या इमारतींना धक्का लावायचा नाही, असा आदेश होता आणि तो पाळला गेला. हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र बंद पाडले. कशावर मारा करायचा याइतकेच कशावर करायचा नाही हेही आधी ठरलेले होते. आखणी म्हणतात ती हीच.

या पिंटोंचा शेवट मात्र चटका लावणारा झाला. 22 नोव्हेंबर 1963 रोजी जम्मू-काश्मीरमध्ये पूंछजवळ एक अलुएट हेलिकॉप्टर कोसळले. आत लेफ्टनंट जनरल दौलत सिंग, लेफ्टनंट जनरल बिक्रम सिंग, एअर व्हाइस मार्शल पिंटो, मेजर जनरल नानावटी, ब्रिगेडियर ओबेरॉय आणि पायलट फ्लाइट लेफ्टनंट सोधी होते. कोणी वाचले नाही. कारण काय, तर दरीवरून गेलेल्या तारा. शत्रूची तोफ नाही, वादळ नाही, साधी तार! बॉम्बच्या पौंडापौंडाचा हिशेब ठेवणारा माणूस नकाशात नसलेल्या, निदान वेळेवर न दिसलेल्या एका रेषेमुळे गेला. वरिष्ठ अधिकाऱ्यांनी एकाच यानातून एकत्र प्रवास करू नये या दंडकाचा उल्लेख या अपघाताशी जोडूनच केला जातो.

विमान उंचावरून जाते, म्हणून तार त्याच्या खात्यात येत नाही. हेलिकॉप्टरचे सगळे काम जमिनीजवळचे : दरीत उतरणे, माणूस उचलणे, पाणी टाकणे. वरून बघणाऱ्याला बारीक तार रानाच्या हिरव्या-तपकिरी रंगात दिसतच नाही. अनुभवी पायलट खांब शोधतात, तार नव्हे. खांब दिसला की तार आहे असे धरून चालायचे.

मेघनेवरचा पूल

आता त्या दुसऱ्या माणसाकडे येऊ. 1971 साली सगत सिंग लेफ्टनंट जनरल होते आणि 4 कोअर त्यांच्या हाताखाली होती. डिसेंबरात त्यांची फौज मेघनेच्या काठी आली. आशुगंजचा मोठा रेल्वेपूल पाकिस्तानी सैन्याने 9 डिसेंबरला उडवला. दहा वर्षांपूर्वीचीच गोष्ट, फक्त नदी मांडवीच्या कितीतरी पट रुंद. या वेळी सगत सिंग काठावर थांबले नाहीत. ग्रुप कॅप्टन चंदन सिंग यांच्या एमआय-4 हेलिकॉप्टरांनी 9 तारखेपासून सैनिकांना रायपुऱ्याला आणि पुढे नरसिंगडीकडे पलीकडच्या काठावर नेऊन सोडले. पहिल्या 36 तासांत 110 च्या वर फेऱ्या झाल्या. एरवी 14 सैनिक बसतील अशा हेलिकॉप्टरमध्ये 23 बसवले. रात्री उतरण्याची जागा दाखवायला हातातल्या बॅटऱ्या होत्या. लष्करी इतिहासात याला मेघना हेलि-ब्रिज म्हणतात.

डिचोलीच्या तुटलेल्या पुलांनी त्यांना हा धडा दिला, असे म्हणायला माझ्याकडे कागद नाही आणि मी तसे म्हणतही नाही. पण नदीपुढे थांबलेल्या रात्रीची किंमत कळलेला माणूस तोच होता, एवढे नोंदवायला हरकत नाही.

आता 14 च्या जागी 23 कसे बसले? यात जादू नाही, त्रैराशिक आहे. हेलिकॉप्टर एका वेळी ठरावीक वजन उचलते आणि त्यात यंत्र, माणसे, सामान, इंधन सगळे आले. फेरी छोटी असेल तर इंधन कमी घ्यायचे आणि ते वजन माणसांना द्यायचे. हवा गरम असेल किंवा जागा उंचावर असेल तर हवा विरळ होते, पाते कमी उचलते, मग माणसे कमी करायची. जमिनीलगत तरंगायला जोर कमी लागतो, झाडांच्या शेंड्यांवर अधरात तरंगायला जास्त. हे सगळे तक्ते पायलटच्या पुस्तकात असत. नकाशावर मेणाच्या पेन्सिलीने रेघ ओढायची, कोनमापकाने दिशा काढायची, वाऱ्याची वजावट गोल सरकपट्टीवर करायची. चूक झाली तर ती हवेत गेल्यावर कळे.

संगणकाने काय केले

संगणकाने हा हिशेब बदलला नाही, त्याचा वेग आणि त्याची पडताळणी बदलली. अमेरिकेत जॉर्जिया टेकच्या संशोधन संस्थेने 1990 च्या दशकात फाल्कनव्ह्यू नावाची नकाशा-प्रणाली तयार केली. साध्या वैयक्तिक संगणकावर नकाशा, उंची आणि उड्डाणाचा मार्ग एकत्र दिसू लागला. आज अशा प्रणाल्यांत वाट आखली की कुठे किती इंधन उरेल, कुठल्या टेकडीआड रेडिओ बंद पडेल, उतरण्याच्या जागी त्या दिवसाच्या तापमानात किती वजन झेपेल, कुठे तार किंवा टॉवर आडवा येतो, हे सगळे मिनिटांत समोर येते. तीच आखणी एका कार्डावर घालून हेलिकॉप्टरच्या संगणकात भरतात, म्हणजे कॉकपिटमधल्या पडद्यावर तोच नकाशा सरकत राहतो. जमिनीवरचा अधिकारी, पायलट आणि दोरावरून खाली उतरणारा जवान, तिघांसमोर एकच चित्र असते. माझ्या मते या प्रणालीचा खरा फायदा तो आहे.

नकाशाचीही एक खोच आहे. आपल्या जुन्या सर्वेक्षण नकाशांची मोजणी एव्हरेस्टच्या गोलाभावर बसवलेली होती, उपग्रहाची मोजणी वेगळ्या, डब्ल्यूजीएस-84 या आधारावर चालते. एकावरचे आकडे जसेच्या तसे दुसऱ्यावर घेतले तर जागा सरकते. 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वसामान्यांसाठीचे नकाशे डब्ल्यूजीएस-84 वर निघू लागले. जुना नकाशा आणि जीपीएस एकत्र वापरणाऱ्या हौशी इतिहासकारांनीही हे ध्यानात ठेवावे. ताम्रपटातला ओहोळ भलत्याच भाटात सापडतो तो यामुळेच!

आपल्या डोक्यावरचे आकाश

नौदलाचा आयएनएस हंसा हा तळ 1961 मध्ये तमिळनाडूत सुलूरला सुरू झाला आणि 1964 मध्ये दाबोळीला आला. एप्रिल 2021 मध्ये तिथे ध्रुव जातीच्या, मार्क-3 हेलिकॉप्टरांची 323 क्रमांकाची तुकडी दाखल झाली. पेडण्यात मोपाच्या सड्यावरून जानेवारी 2023 पासून प्रवासी विमाने उडू लागली. पूर्वी जिथे गुरे चरत तिथल्या हवेला आता नियम आहेत. विमानतळाच्या परिसरात उंच टॉवर उभा करायचा तर ना-हरकत दाखला लागतो, कारण त्याची उंची आणि जागा कुणाच्या तरी आखणीत भरावी लागते.

मार्च 2023 चे वणवे आठवतात ना? म्हादई अभयारण्यात आणि आसपासच्या डोंगरांत आग लागली तेव्हा नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाणी टाकायला आली. वर सांगितलेले सगळे त्रैराशिक तिथे एकदम लागू होते. चैत्राच्या तोंडाची तापलेली हवा, घाटातला वारा, धूर, खाली लोंबणारे पाण्याचे वजन आणि पाणी भरायला जवळ मोकळा जलाशय. जलाशय जितका लांब तितके इंधन जास्त आणि पाणी कमी.

सॉफ्टवेअर हे सगळे मांडते, पण त्याच्या पोटात जे घातले असेल तेवढ्यावरच. गेल्या पावसाळ्यात ओहोळावर ओढलेली नवी वीजवाहिनी, बंद खाणीच्या खंदकावरचा जुना पट्टा, पुरात सगळ्यात शेवटी बुडणारा सडा, कुठल्या देवळाचे भाट हेलिकॉप्टर उतरण्याइतके मोकळे, हे उपग्रहाला नीट कळत नाही. गावच्या माणसाला कळते. तिळारीचे पाणी चढले की पेडण्यातला कुठला वाडा आधी तुटतो, हे तिथली म्हातारी मंडळी डोळे मिटून सांगतील.

आपण मंडळातर्फे गावोगावची देवळे, तळी, व्हाळ, जुन्या वाटा यांच्या नोंदी करतोच. माझी सूचना एवढीच, की त्या नोंदीत आणखी तीन रकाने घालावेत : मोकळी सपाट जागा, आडव्या तारा आणि पुरातही कोरडी राहणारी जागा. प्रत्येक नोंदीला अक्षांश-रेखांश डब्ल्यूजीएस-84 मध्ये लिहावेत, तारीख घालावी आणि एक प्रत तालुक्याच्या आपत्ती व्यवस्थापनाकडे द्यावी. काम दोन-तीन रविवारांचे आहे. डिचोलीची सुरुवात मी अस्नोड्याच्या पुलापासून करतो. पेडण्याची जबाबदारी कोण घेतो ते पुढच्या बैठकीत ठरवू.