इटावा, १९४८ : खेड्यांसाठी सरकारी माणूस घडवताना

१/ महसूल गोळा करणे आणि सुव्यवस्था राखणे यांसाठी इंग्रजांनी घडवलेली नोकरशाही स्वतंत्र भारताच्या वाट्याला आली. तिच्याकडून ग्रामविकास करून घ्यायचा कसा? या प्रश्नाचे एक उत्तर १९४८ मध्ये संयुक्त प्रांतातील इटावा जिल्ह्यात शोधले गेले.

२/ अमेरिकन वास्तुविशारद आल्बर्ट मेयर दुसऱ्या महायुद्धात लष्करी अभियंता म्हणून भारतात आले होते. नेहरूंशी परिचय झाला आणि त्यातून हा पथदर्शी प्रकल्प उभा राहिला. आरंभी महेवा परिसरातील ६४ गावे निवडण्यात आली.

३/ तोवर शेती, आरोग्य, सहकार यांची खाती निराळी आणि माणसेही निराळी. शेतकऱ्याच्या अडचणी मात्र खातेनिहाय येत नाहीत. म्हणून काही गावांमिळून एकच बहुउद्देशीय ग्रामस्तरीय कार्यकर्ता नेमला गेला. त्याच्या पाठीशी विषयतज्ज्ञ राहिले.

४/ त्याचे प्रशिक्षण केवळ वर्गातले नव्हते. ‘पंजाब ५९१’ हा सुधारित गहू असो वा हिरवळीचे खत, ते शेतकऱ्याच्या शेतातच पिकवून दाखवायचे आणि पुढचा निर्णय त्याच्यावर सोपवायचा.

५/ मेयर यांचा खरा आग्रह याहून खोल होता. कनिष्ठाने वरिष्ठासमोर निर्भयपणे बोलावे, योजना कुठे फसते ते सांगावे. प्रशासनाच्या आतील या बदलाला ते ‘अंतर्गत लोकशाहीकरण’ म्हणत. ज्याचे कार्यालयात कोणी ऐकत नाही, तो गावात जाऊन इतरांचे ऐकेल कसा?

६/ २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात ५५ सामुदायिक विकास प्रकल्प सुरू झाले; प्रत्येकात सुमारे ३०० गावे. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय विस्तार सेवा आली. पदे, तक्ते, उद्दिष्टे यांचा विस्तार झपाट्याने झाला. वरिष्ठांशी मोकळेपणाने बोलण्याची सवय मात्र शासननिर्णयाने पसरत नाही.

७/ १९५७ मध्ये बलवंतराय मेहता समितीने नेमके दुखणे दाखवले : कार्यक्रमात लोकांचा पुढाकार जागा झाला नव्हता. तिने त्रिस्तरीय पंचायत राज्याची शिफारस केली. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या कार्यरत झाल्या, त्यामागे हीच विचारधारा होती.

८/ आजही प्रशासकीय प्रशिक्षणाचे यश किती जणांना प्रशिक्षित केले यावर मोजले जाते. इटाव्याची कसोटी वेगळी होती : गावात आढळलेली चूक वरच्या टेबलापर्यंत पोहोचते का, आणि पोहोचल्यावर योजना बदलते का?