पुसलेल्या फिती आणि पुनर्भेटीचें सुख

एकदां वाचून झालेलें पुस्तक पुन्हां हातीं घेणाऱ्या माणसाकडे लोक थोड्याशा संशयानें पाहतात. तें पुस्तक शाकुंतल किंवा ज्ञानेश्वरी असेल तर त्यास रसिक अथवा भाविक म्हणण्याची रीत आहे. परंतु तेंच जर राक्षस, बुटके, जादूच्या अंगठ्या आणि परग्रहांवरील प्राणी यांनीं भरलेलें असेल, तर या गृहस्थाचें पोरपण अद्यापि सुटलें नाहीं, असा शेरा मिळतो. दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथांच्या जुन्या मालिका पुन्हां पाहणारा तर निव्वळ आळशी ठरतो. प्रस्तुत लेखांत या आळशी मनुष्याचा कैवार घ्यावयाचा आहे, आणि तो केवळ रसशास्त्राच्या आधारें नव्हे, तर इतिहासाच्या आधारें. एकदां पाहिलेली गोष्ट दुसऱ्यांदा कोणी पाहणार नाहीं असें गृहीत धरल्यामुळें एका मोठ्या संस्थेनें आपलाच ठेवा आपल्या हातानें कसा पुसून टाकला, आणि ज्यांस ती पुन्हां पाहण्याची हौस होती त्यांच्यामुळेंच त्या ठेव्याचा कांहीं अंश कसा वांचला, याचा पुरावा गेल्या साठ वर्षांच्या इतिहासांत नमूद आहे.

प्रथम पुस्तकांचाच विचार करूं. जे. आर. आर. टोल्किन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही अद्भुतकथा १९५४ व १९५५ या दोन वर्षांत तीन खंडांत प्रसिद्ध झाली. तिचा शेवट एकदां कळला म्हणजे कुतूहल संपतें: अंगठी अग्निपर्वतांत नष्ट होते, राजा सिंहासनावर बसतो, फ्रोडो समुद्रापलीकडे निघून जातो. तरीही ती नेमानें पुन्हां पुन्हां वाचणारे वाचक देशोदेशीं आहेत. पुढें तिच्यावरील चित्रपटांत सारुमानची भूमिका करणारा क्रिस्टोफर ली हा इंग्रज नट ती दरवर्षीं वाचीत असे. टोल्किन यांचे ऑक्सफर्डमधील स्नेही सी. एस. लुईस यांनीं १९६१ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘अॅन एक्स्पेरिमेंट इन क्रिटिसिझम’ या ग्रंथांत असा विचार मांडला कीं, पुस्तकाची पारख तें कोणत्या तऱ्हेचें वाचन करवून घेतें यावरून करावी. वाङ्मयाची खरी गोडी असलेला वाचक ओळखण्याची त्यांची एक खूण अशी कीं, तो आवडतीं पुस्तकें आयुष्यांत अनेक वेळां वाचतो. ज्यास ती गोडी नाहीं, त्यास एकदां वाचलेलें पुस्तक पुन्हां उघडण्याचें कारणच दिसत नाहीं.

आपल्याकडे हा विचार नवा वाटूं नये. कीर्तनास बसलेल्या एकाही श्रोत्यास सीता परत मिळेल कीं नाहीं याची चिंता नसते, तरीही आख्यान रंगतें. मात्र अद्भुतकथेच्या बाबतींत आणखी एक गोष्ट घडते. सामाजिक कादंबरींतील जग आपलेंच असतें. तेथील वाडे, कचेऱ्या, चालीरीती लेखकास नव्यानें उभाराव्या लागत नाहींत. टोल्किन यांस मात्र आपल्या भूमीसाठीं नकाशे काढावे लागले, वंशावळी लिहाव्या लागल्या, आणि ते भाषाशास्त्राचे अध्यापक असल्यानें त्यांनीं भाषाही रचल्या. एवढें सारें पहिल्या वाचनांत कोणाच्या ध्यानांत येणार? पहिल्या वेळीं आपण त्या प्रदेशांतून डाकवाल्यासारखे धांवत सुटतों. दुसऱ्या वेळीं वाटेवरच्या गांवीं मुक्काम करतों. म्हणून अशा पुस्तकाचें पहिलें वाचन ही केवळ तोंडओळख होय.

परंतु पुस्तकास एक मोठें भाग्य लाभलेलें आहे. तें फळीवर राहतें. हजारों प्रती छापल्या गेल्या म्हणजे एका माणसाच्या किंवा एका कचेरीच्या अविचारानें त्याचा नाश होऊं शकत नाहीं. दूरचित्रवाणीवरील कथेस आरंभीच्या काळांत हें भाग्य नव्हतें. तें नसल्याचा परिणाम काय झाला, हें बी. बी. सी.च्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेच्या चरित्रांत पाहावयास मिळतें.

या मालिकेचा पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजीं प्रक्षेपित झाला. काळांतून व अवकाशांतून भटकणारा एक वृद्ध प्रवासी, त्याची नात, आणि त्यांच्याबरोबर योगायोगानें ओढले गेलेले शाळेंतील दोन शिक्षक, अशी तिची मांडणी होती. निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट सत्तावीस वर्षांची होती. आणि पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन हा लखनौस जन्मलेला, इंग्रजींतील कादंबरीकर्त्री अतिया हुसेन यांचा चोवीस वर्षांचा मुलगा होता. आदल्याच दिवशीं अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा खून झाल्यानें लोकांचें चित्त ठिकाणावर नव्हतें. म्हणून पुढील शनिवारीं दुसऱ्या भागाच्या अगोदर पहिला भाग पुन्हां दाखविण्यांत आला. म्हणजे या मालिकेच्या जन्माबरोबरच पुनर्भेटीचा योग आला होता. परंतु पुढें तो क्वचितच येई. १९६३ ते १९६९ या काळांत मालिकेचे २५३ भाग प्रक्षेपित झाले, आणि त्यांतील बहुतेक इंग्लंडांतील प्रेक्षकांनीं एकदांच पाहिले.

या भागांचें पुढें काय झालें? ते दोन इंच रुंदीच्या चुंबकीय चित्रफितींवर मुद्रित केलेले असत. ही फीत फार महाग होती, आणि तिच्यावरील चित्रें पुसून ती पुन्हां वापरतां येत असे. नटांच्या व वादकांच्या संघांशीं झालेल्या करारांमुळें जुना कार्यक्रम पुन्हां दाखविण्यावर मर्यादा होत्या. पुढें रंगीत प्रक्षेपण सुरू झालें आणि काळ्यापांढऱ्या कार्यक्रमांस कोणी विचारीनासें झालें. घरोघरीं चित्रफिती लावून पाहण्याचा काळ अद्यापि यावयाचा होता. तेव्हां हिशेबाच्या दृष्टीनें पाहिलें तर एकदां दाखविलेली फीत म्हणजे अडगळच! १९६७ पासून या मालिकेच्या फिती पुसल्या जाऊं लागल्या. परदेशीं विकण्यासाठीं सोळा मिलिमीटर फिल्मवर ज्या प्रती काढल्या होत्या, त्याही हक्कांची मुदत संपतांच नष्ट करण्यांत येऊं लागल्या. येथें कोणी दुष्ट मनुष्य शोधूं जाल तर तो सांपडणार नाहीं. प्रत्येकानें आपलें काम नियमाप्रमाणें केलें. चुकीचें होतें तें त्या नियमांमागचें गृहीत, कीं कथा एकदां कळली म्हणजे तिचें प्रयोजन संपलें.

१९७८ सालीं हा नाश थांबला. त्या वर्षीं सू माल्डन यांची संग्रहासाठीं कार्यक्रम निवडण्याच्या कामावर नेमणूक झाली आणि काय उरलें आहे याची मोजदाद सुरू झाली. पुढें पुष्कळ शोध झाला, तरी नव्वदांहून अधिक भाग मिळालेले नाहींत.

आतां या कथेची दुसरी बाजू पाहूं. ज्या वेळीं संस्था फिती पुशीत होती, त्याच वेळीं इंग्लंडांतील कांहीं घरांत मुलें दूरचित्रवाणी संचासमोर ध्वनिमुद्रणयंत्र ठेवून बसत होतीं. चित्र टिपण्याचें साधन त्यांच्यापाशीं नव्हतें. निदान आवाज तरी पुन्हां ऐकावयास मिळावा एवढीच त्यांची इच्छा. त्या पोरवयांतील हौसेचें फळ असें कीं, आज हरवलेल्या प्रत्येक भागाचा ध्वनि उपलब्ध आहे. त्या ध्वनीवर नवीं चित्रें काढून ‘द पॉवर ऑफ द डालेक्स’ ही १९६६ मधील संपूर्ण कथा २०१६ सालीं प्रेक्षकांपुढें पुन्हां आणतां आली. ज्यांस आवाजही मिळाला नाहीं, त्यांनीं पुस्तकांचा आश्रय केला. १९७३ पासून टार्गेट या नांवानें या कथांचीं लहान लहान कादंबरीरूपें निघूं लागलीं. त्यांतील साठांहून अधिक एकट्या टेरन्स डिक्स यांनीं लिहिलीं. जी कथा पुन्हां दिसणार नाहीं ती पुन्हां वाचावी, यासाठीं इंग्लंडांतील एका पिढीनें हीं पुस्तकें घेतलीं, आणि त्या निमित्तानें त्यांतील पुष्कळांस वाचनाची गोडी लागली.

परदेशीं गेलेल्या फिल्मच्या प्रतींनींही कांहीं ठिकाणीं दगा दिला नाहीं. १९८३ सालीं लंडनमधील एका चर्चच्या तळघरांत दोन भाग सांपडले. १९९१ सालीं ‘द टूम ऑफ द सायबरमेन’ या कथेचे चारही भाग हाँगकाँगहून परत आले. २०१३ सालीं नायजेरियांतील जोस या शहरीं सांपडलेले नऊ भाग जाहीर झाले.

या परत आलेल्या कथांनीं पुनर्भेटीचें आणखी एक मर्म उघड केलें. सायबरमेनची ती कथा ज्यांनीं १९६७ सालीं बालपणीं पाहिली होती, त्यांच्या आठवणींत ती भव्य झाली होती. प्रत्यक्ष पाहिल्यावर पुष्कळांस तिच्यांतील उणिवा दिसल्या व तिची कीर्ति थोडी खालीं आली. उलट ‘द एनिमी ऑफ द वर्ल्ड’ या कथेच्या सहा भागांपैकीं एकच उरला होता आणि त्यावरून ती सामान्य समजली जात असे. २०१३ सालीं उरलेले पांच भाग मिळाल्यावर ती उत्तम कथांपैकीं एक गणली जाऊं लागली. तेव्हां जुन्या आवडीकडे परत जाणें म्हणजे केवळ आठवणींचें कोडकौतुक नव्हे. स्मृति ही पक्षपाती साक्षीदार आहे. तिची उलटतपासणी मूळ कृति समोर ठेवूनच करतां येते. आम्हां अध्यापकांस तर हें रोजच पटतें: विद्यार्थीदशेंत डोक्यावर घेतलेला ग्रंथ चाळिशींत फिका वाटतो, आणि तेव्हां कंटाळून मिटलेला ग्रंथ पन्नाशींत आपलें मन उघडें करतो.

जेथें पुनर्भेटीस वाव मिळाला तेथें काय घडलें, याचें उदाहरण अमेरिकेंत आहे. ‘स्टार ट्रेक’ ही मालिका १९६६ ते १९६९ या तीन वर्षांत ७९ भाग होऊन बंद पडली, कारण तिचा प्रेक्षकवर्ग पुरेसा नाहीं असें चालकांस वाटलें. परंतु तिचे हक्क गांवोगांवच्या केंद्रांस विकले गेले आणि तींच तींच कथानकें रोज संध्याकाळीं दिसूं लागलीं. पहिल्या प्रक्षेपणांत जें यश तिला मिळालें नाहीं, तें पुनःप्रक्षेपणांत मिळालें. जानेवारी १९७२ मध्यें न्यूयॉर्क येथें तिच्या चाहत्यांचा मेळावा भरला, तेव्हां चालकांनीं कांहीं शें माणसांची अपेक्षा केली होती. आलीं तीन हजारांहून अधिक. १९७६ सालीं अमेरिकेच्या पहिल्या ‘स्पेस शटल’ यानास चाहत्यांच्या पत्रांमुळें ‘एंटरप्राइज’ हें मालिकेंतील यानाचें नांव देण्यांत आलें. एकदां पाहून सोडून देणाऱ्या प्रेक्षकांच्या मोजणींत जी मालिका नापास झाली, ती पुन्हां पुन्हां पाहणारांनीं उत्तीर्ण केली.

अशी बेपर्वाई परक्यांच्याच घरीं नांदते, असें मात्र कोणी समजूं नये. चित्रपटांत अद्भुताची सृष्टि उभी करणारे आपल्याकडील आद्य पुरुष दादासाहेब फाळके. त्यांच्या १९१३ मधील ‘राजा हरिश्चंद्रा’च्या चार रिळांपैकीं पहिलें व शेवटचेंच आज हातीं आहे. पुण्याचा राष्ट्रीय चित्रपट संग्रह १९६४ सालीं स्थापन झाला आणि पी. के. नायर यांनीं गांवोगांव हिंडून जें मिळालें तें गोळा केलें, म्हणून १९१९ मधील ‘कालिया मर्दन’ तरी पुष्कळसा पाहावयास मिळतो. बाकीच्या बहुतेक चित्रपटांविषयीं केवळ वाचावें लागतें.

आतां साधनें विपुल झालीं, तेव्हां ही भीति उरली नाहीं, असें वाटण्याचा संभव आहे. पण प्रत्यक्ष वस्तु घरीं ठेवण्याऐवजीं दूरच्या कंपनीच्या भांडारांतून ती मागवून पाहण्याची रीत आल्यापासून जुनाच प्रश्न नव्या वेषांत उभा राहिला आहे. ‘विलो’ ही अद्भुतकथांची मालिका नोव्हेंबर २०२२ मध्यें डिस्नेच्या भांडारांत आली आणि मे २०२३ मध्यें खर्चाच्या हिशेबानें तेथून काढून घेण्यांत आली. फीत पुसण्याची जागा यादींतून नांव काढण्यानें घेतली, एवढाच फरक! निर्णय करणारांचें गृहीत मात्र तेंच आहे.

म्हणून घरांतील कोणी जुन्या कपाटांतून तेंच फाटकें पुस्तक पंधराव्या वेळीं काढलें, किंवा तीच मालिका मुलांस शेजारीं बसवून पुन्हां लावली, तर त्यास हंसूं नये. ज्या कथेकडे कोणीच परत जात नाहीं तिची राखण कोणी करीत नाहीं. नव्या वाचकांमुळें पुस्तक खपतें. तें टिकतें मात्र परत येणाऱ्या वाचकांमुळें. पूर्वीं पोथ्या टिकल्या त्या पारायणें होत होतीं म्हणून. आणि आजच्या काळांत बोलक्या चित्रांची जी नवी पोथी निर्माण झाली आहे, तिलाही दुसरा रक्षक नाहीं.