निळा म्हणजे कुठला निळा?

साठ वर्षं मी निळा म्हणजे निळा असंच समजत आलो. आकाशी, मोरपंखी, नेव्ही ब्लू हे भेद साडीच्या दुकानात बायकोने करायचे आणि आपण पैसे मोजायचे. पण अमेरिकेत डरहॅम गावी माझा निळा शर्ट पाहून भाचा पांढरा पडला.

"मामा, हा घालून आत शिरलात तर मी तुम्हांला ओळखत नाही!"

शर्ट आकाशी होता. भाचा ड्यूक विद्यापीठात. त्यांचा निळा गडद. आकाशी निळा चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा. दोघांत अंतर जेमतेम दहा मैलांचं, आणि त्या दिवशी त्यांचाच बास्केटबॉलचा सामना. पहिला सामना झाला जानेवारी १९२० मध्ये. तेव्हा ड्यूकचं नाव ट्रिनिटी कॉलेज होतं. १९२४ साली नाव बदललं. भाऊबंदकी तीच राहिली.

तिकिटासाठी इथली पोरं थंडीत तंबू ठोकून आठवडेच्या आठवडे मुक्काम करतात. ही प्रथा १९८६ पासूनची. मला तिकीट मिळालं ते भाच्याच्या प्राध्यापकांना ताप आल्यामुळे. त्यांना लवकर बरं वाटो, पण उद्यापासून!

कॅमेरॉन स्टेडियम १९४० सालचं, जागा ९,३१४. पोरं बसायच्या बाकांवर उभी, तोंडं निळी फासलेली. भाच्याचा स्वेटर चढवून मी वर बसलो. शेजारचे म्हातारबुवा सांगत होते, की १९७९ साली ह्याच मैदानावर कॅरोलायनाने सरकारी फाईल दाबून बसावं तसा चेंडू दाबून धरला होता. मध्यंतराला गुणफलक : ड्यूक ७, कॅरोलायना ०. शेवटी ड्यूकच जिंकलं, ४७-४०. इतक्या वेळात चेंडू टाकलाच पाहिजे, हा नियम कॉलेजांत आला तो पुढे १९८५ साली.

सामना सुरू झाला आणि पाहतो तो मीही ओरडतोय! चाळीस वर्षांच्या नोकरीत साहेबापुढे जो आवाज फुटला नाही, तो तिथे फुटला. नियम दोनच कळले होते, पण पंचाच्या चुका सगळ्या कळत होत्या.

दुसऱ्या दिवशी रविवार. घसा बसलेला. भाचा म्हणाला, "चला, आता गावातला खरा सामना दाखवतो," आणि गावातल्याच दुसऱ्या एका कॉलेजात घेऊन गेला. तिथे चिटपाखरू नव्हतं. व्यायामशाळेवर नाव होतं मॅकलेंडन ह्यांचं.

जेम्स नेस्मिथ ह्यांनी १८९१ साली पीचच्या टोपल्या टांगून हा खेळ काढला. कॅन्सस विद्यापीठात ते जॉन मॅकलेंडन ह्यांचे गुरू. पण शिष्य काळा, म्हणून विद्यापीठाच्या संघात त्याला जागा नाही. पुढे मॅकलेंडन डरहॅमच्या ह्या काळ्यांच्या कॉलेजात प्रशिक्षक झाले. १२ मार्च १९४४, रविवार सकाळ. गाव चर्चमध्ये असताना ड्यूकच्या वैद्यकीय शाखेचे गोरे खेळाडू गुपचूप ह्या कॉलेजात आले. दारांना आतून कुलपं लावली आणि सामना सुरू झाला.

कुलपं उगाच नव्हती. त्याच वर्षी जुलैत, बसमध्ये मागे सरकण्यावरून बोलाचाली झाली म्हणून ह्याच गावात बसचालकाने एका काळ्या सैनिकाला गोळी घालून मारलं होतं.

काळ्यांचा संघ जिंकला, ८८-४४. मग त्या पोरांनी काय करावं? दोन्ही संघ मिसळून टाकले आणि पुन्हा एक डाव खेळले! गोरा-काळा एका बाजूला, गोरा-काळा दुसऱ्या बाजूला. वर्तमानपत्रात ओळ नाही. जगाला हे कळलं १९९६ साली.

म्हणे काही विद्यार्थी खिडक्यांना लटकून पाहत होते. त्यांना बिचाऱ्यांना टाळीसुद्धा वाजवता आली नसेल. मी आदल्या दिवशी फुकटच्या तिकिटावर घसा फोडून आलो होतो. मनातल्या मनात वाटलं, थोडा आवाज आजच्यासाठी शिल्लक ठेवायला हवा होता.

रात्री घरून फोन. "काय हो, कोण जिंकलं?"

बसक्या आवाजात मी म्हटलं, "अठ्ठ्याऐंशी-चव्वेचाळीस."

"अगंबाई, दुप्पट? मग पुढे मारामारी झाली असेल!"

"नाही गं," मी म्हटलं, "पुढे सगळे मिळून खेळले."