खाण दिल्लीत, घर विट्याला

सोन्यावर उभी राहिलेली गावे बहुधा खाणीच्या तोंडाशी वसतात. कर्नाटकातल्या कोलारच्या वसाहती तशा वसल्या. ऑस्ट्रेलियातले बॅलरॅट १८५१ मध्ये सोने सापडल्यावर तसेच वाढले. सांगली जिल्ह्यातल्या विट्याच्या जमिनीत मात्र गुंजभर सोने नाही. तरीही विटा आणि खानापूर-आटपाडीकडची कितीतरी गावे सोन्यानेच वर आली. त्यांची खाण दीड हजार किलोमीटरवर आहे. दिल्लीत चांदनी चौकाच्या कूचा महाजनीत, करोलबागेत आणि देशातल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या सराफ बाजारात ती सापडते.

या धंद्याचे नाव गलाई. मोडीचे दागिने, तुटके तुकडे, कारागिराच्या बैठकीखालची झाडलोट वितळवायची आणि त्यातून चोख सोने-चांदी वेगळी काढायची, हे गलाईवाल्याचे काम. खाणीतल्या चांगल्या दगडातही टनामागे काही ग्रॅमच सोने निघते. बावीस कॅरेटच्या मोडक्या बांगडीत ते हजारात ९१६ भाग असते. करोलबागेत बंगाली कारागीर कानस चालवतात, तिथली धूळ आणि हात धुतलेले पाणीसुद्धा कुणी फेकून देत नाही.

भट्टीवरची रीत जुनी आहे. माल मुशीत घालून वर सवागी (टाकणखार) टाकतात, म्हणजे मळ वर येतो. चोख सोने काढायचे असेल तर त्यात सुमारे तिप्पट चांदी मिसळतात आणि तो रस पाण्यात ओततात. त्याचा रवा होतो. हा रवा नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये उकळला की तांबे आणि चांदी विरघळतात, तांबूस-पिवळा धूर उठतो आणि भांड्याच्या तळाशी तपकिरी भुकटी उरते. तेच सोने. धुऊन पुन्हा आटवले की त्याला पिवळा रंग येतो आणि लगड पाडता येते. उरलेल्या पाण्यात तांब्याच्या पट्ट्या सोडल्या की चांदीही परत मिळते. तो धूर मात्र बंद खोलीत वर्षानुवर्षे छातीत जातो, आणि या धंद्यावर बोलताना ही किंमत सांगायलाच हवी.

दुष्काळी गावची माणसे या वाटेला लागली ती पोटासाठी. खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ आणि शेजारचे माण-खटाव हे सगळे पर्जन्यछायेतले तालुके. येरळा नदीचे पात्र वर्षातले बरेच महिने कोरडे. माणसे आधी मुंबईला गेली, मग भट्टीचे काम शिकून परराज्यांतल्या सराफ्यात पांगली. १९७२ च्या दुष्काळाने बाहेर पडणाऱ्यांत भर घातली. मामाने भाच्याला न्यायचे, थोरल्या भावाने धाकट्याला. पोरगा आधी झाडू मारणार, मग भाते-भट्टी सांभाळणार, मग टंच म्हणजे सोन्याचा कस काढायला शिकणार आणि हात बसला की दुसऱ्या शहरात स्वतःची गादी टाकणार. भांडवल फार लागत नसे. लागे तो विश्वास, कारण सराफ आपले सोने परमुलखातल्या माणसाच्या हाती देत असे.

दिल्लीला ही विद्या नवी नव्हती. खिलजींच्या काळात इथल्या टांकसाळीत काम केलेल्या ठक्कुर फेरू याने १३१८ च्या सुमारास ‘द्रव्यपरीक्षा’ लिहिली. निरनिराळ्या राज्यांच्या नाण्यांत किती सोने, किती चांदी, हे त्याने नोंदवले, धातू शुद्ध करण्याच्या रीती सांगितल्या, आणि हे सगळे आपल्या भावासाठी आणि मुलासाठी लिहिले. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’तही मोगल टांकसाळीतले कामगार आणि सोने शुद्ध करण्याची कृती आली आहे. पानिपतापूर्वी, १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी फौजेच्या खर्चासाठी लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासचे चांदीचे छत उतरवून आटवले आणि त्याचे रुपये पाडले. आजची कूचा महाजनी तिथून चालत जाण्याइतकी जवळ आहे. मराठी माणूस दिल्लीत चांदी आटवायला दुसऱ्यांदा आला तो फौज घेऊन नव्हे, एक मूस आणि नात्यातल्या माणसाचा पत्ता घेऊन.

कायद्याने त्याला सुखाने बसू दिले नाही. १९६३ च्या सुवर्ण नियंत्रणाने चौदा कॅरेटच्या वर दागिने घडवायला बंदी आली. १९६८ च्या कायद्याने सामान्य माणसासाठी सोन्याच्या लगडी बाळगणे गुन्हा ठरवले. १९९० मध्ये तो कायदा रद्द झाला तेव्हा बाजार मोकळा झाला. दुसरी टांगती तलवार मात्र राहिली, चोरीचा माल घेतल्याच्या कलमाची. दंडसंहितेतले ४११ आता न्यायसंहितेत ३१७ झाले, पण भीती तीच आहे. वितळलेल्या सोन्यावर मालकाचे नाव नसते. चोराने बोट दाखवले की प्रामाणिक गलाईवालाही चौकीत जातो. त्याला संरक्षण मिळावे ही मागणी रास्त आहे.

परमुलखात राहूनही या माणसांनी गाव सोडले नाही. खानापूर तालुक्यातल्या खेड्यांत दुमजली बंगले वर्षभर कुलपात असतात. खरसुंडीच्या सिद्धनाथाची चैत्रातली यात्रा आली, विट्याच्या दसऱ्याला पालख्यांची शर्यत लागली किंवा निवडणूक जाहीर झाली की ती कुलपे निघतात. शाळेला, देवळाला वर्गणी लागली की पहिले फोन परराज्यात जातात. दिल्लीत वाढलेली मुले रस्त्यावर हिंदी बोलतात, आजीशी मात्र माणदेशी वळणाची मराठी.

आता दोन्ही टोके बदलताहेत. जून २०२१ पासून हॉलमार्क सक्तीचा होत गेला, क्ष-किरण यंत्रे मिनिटभरात टंच सांगतात आणि मोठ्या रिफायनऱ्या माल ओढून घेतात. तिकडे टेंभू योजनेचे कृष्णेचे पाणी खानापूर-आटपाडीच्या रानात पोचल्याने गाव सोडण्याची जुनी निकड कमी झाली आहे. मुले अभियंते होतात, काही भट्टीऐवजी दागिन्यांचे दुकान थाटतात. मग भट्टीची विद्या पुढे कोण नेणार? ठक्कुर फेरूने आपली विद्या लिहून ठेवली म्हणून सातशे वर्षांनंतरही ती वाचता येते. विट्याच्या गलाईवाल्यांची विद्या अजून हातात आणि तोंडीच आहे. भट्टीपुढे आयुष्य काढलेले म्हातारे विट्यात आणि करोलबागेत आहेत, त्यांच्या माडीवर जुन्या वह्याही आहेत. सांगली-कोल्हापूरच्या महाविद्यालयांनी आणि दिल्लीतल्या मराठी मंडळांनी मिळून त्यांच्या आठवणी नोंदवण्याचे काम या वर्षीच हाती घ्यावे.